पडद्याचे संगीत आणि मैफलीचे संगीत

वाचकहो, वसईच्या पट्ट्यात लग्नसराई लागली, की संध्याकाळच्या वेळी कुठल्या ना कुठल्या वाटेवरून बँडचा आवाज कानी येतो. निर्मळ असो, भुईगाव असो, नंदाखाल असो की आगाशी, केळीच्या वाडीपलीकडून आधी मोठ्या ढोलाचा ठोका ऐकू येतो, मग क्लॅरिनेटचा सूर वर चढतो, आणि ओटीवर बसलेले म्हातारे माणूसदेखील चार सुरांच्या आत सांगते, की हे अमुक सिनेमातले गाणे.

आता जरा आठवून पाहा. तेच गाणे सिनेमात ऐकले तेव्हा काय काय होते? गाणारीचा आवाज होता, शब्द होते, पाठीमागे वीस-पंचवीस व्हायोलिने होती, आणि पडद्यावर नायिका झोपाळ्यावर बसलेली होती. इथे यातले काही नाही. दहा-बारा माणसे, फुंकून वाजवायची वाद्ये, ढोल आणि झांजा. आणि तीही चालता चालता वाजवायची. मंडळी नाचायला लागली तर बँडमास्तर तेच कडवे पाच वेळा घेतो. मांडव जवळ आला की हात वर करतो आणि गाणे संपवतो. सिनेमातले गाणे तीन-चार मिनिटांचे असते. वरातीतले गाणे रस्त्याएवढे असते. तरीसुद्धा कोणी म्हणत नाही, की हे गाणे ते नव्हे.

मग बदलले काय आणि राहिले काय? प्रश्न साधा दिसतो, पण मोठमोठ्या संगीतकारांना तो पडलेला आहे. चित्रपटासाठी रचलेले संगीत पुढे चित्रपट बाजूला ठेवून नुसते सभेत वाजवायचे ठरले, तर ते जसेच्या तसे वाजवता येते का? नवे रूप दिले तर त्या दोहोंत खरे कोणते? वर्गात एखादे चौकस पोर हाच प्रश्न विचारते: ‘गुरुजी, खरे गाणे कुठले? मोबाइलवरचे की गॅदरिंगमध्ये आपण म्हटले ते?’ त्याला ‘दोन्ही’ म्हणून गप्प बसवता येते. पण ‘दोन्ही’ का, हे समजावून सांगितले तर त्या पोराचे कान कायमचे उघडतील. तेवढ्यासाठीच हा लेख.

आधी चित्रपटाच्या संगीताचा स्वभाव समजून घेऊ. ते घड्याळाला बांधलेले असते. जुन्या फितीवरच्या बोलपटात दर सेकंदाला २४ चित्रे पडद्यावरून जात. मिनिटाला ९० फूट फीत सरके. आज फीत गेली, संगणक आला. पण सेकंदांचा हिशेब सुटला नाही. समजा, एक बाई दार उघडते, पत्र उचलते, वाचते आणि मटकन खाली बसते. एवढ्याला ४० सेकंद लागले, तर संगीतकाराला ४० सेकंदच मिळतात. एक्केचाळिसाव्या सेकंदाला दुसरा देखावा येतो. शिवाय मध्येच कोणी बोलले, तर सुरांनी आवाज खाली घ्यायचा. गवई मैफलीत रंगला तर आणखी दोन आवर्तने घेतो. पडद्यामागच्या वादकाला ती सवलत नाही.

दुसरी गोष्ट अशी, की हे संगीत एकटे नसते. चित्र त्याचा अर्धा भार उचलते. म्हणून चांगला संगीतकार पुष्कळदा कमी वाजवतो, आणि कधी कधी मुळीच वाजवत नाही. प्रभात कंपनीच्या ‘कुंकू’ या १९३७ च्या बोलपटात व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीताला जवळजवळ सुट्टीच दिली होती, आणि घरातल्या-दारातल्या रोजच्या आवाजांवर प्रसंग उभे केले होते. संगीताची बाजू केशवराव भोळे यांच्यासारख्या जाणत्या माणसाकडे असताना हे झाले, हे ध्यानात घ्या. कुठे गप्प राहायचे, हे कळणे हादेखील संगीताचाच भाग आहे.

याच केशवरावांची दुसरी गोष्ट पाहा. १९३६ साली प्रभातचा ‘संत तुकाराम’ निघाला. दामले आणि फत्तेलाल यांचे दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीस यांची तुकारामाची भूमिका. मुंबईत तो ५७ आठवडे चालला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यातले ‘आधी बीज एकले’ हे पद तुम्ही भजनात ऐकले असेल. कदाचित म्हटलेही असेल. ते तुकोबांचे नाही. चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी ते लिहिले आणि केशवरावांनी त्याला चाल दिली. पण लिहिणाराने अभंगाचा बाज असा साधला, की पुष्कळांनी ते तुकोबांचेच धरले, आणि कितीतरी जणांनी गाथेची पाने उलटून ते शोधले. गाथेत ते सापडणार कसे?

बोलपटात हे पद प्रसंगापुरते येते आणि कथा पुढे सरकते. देवळात भजनी मंडळ तेच पद घेते तेव्हा कथा नसते, पागनीसांचा चेहरा नसतो. मग मंडळी काय करतात? ध्रुपद घोळवतात. एकाने म्हणायचे, बाकीच्यांनी उचलायचे. पखवाज आधी संथ चालतो, मग लय चढते, टाळ घाईला येतात. चित्राने उचललेला भार आता टाळकऱ्यांनी उचलला. कुणी शास्त्री बोलावला नव्हता, कागदावर काही लिहिले नव्हते. पण पडद्यावरचे गाणे सभेचे झाले. आपल्या गावातल्या माणसांनी हे काम नकळत, किती सहज केले आहे, ते यावरून दिसते.

पण प्रत्येक सुराला असे घर सोडता येत नाही. याचे उदाहरण बंगालमध्ये आहे. सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ १९५५ साली प्रदर्शित झाला. संगीत पंडित रविशंकर यांचे. त्यांना वेळ थोडा होता. एका बैठकीत, रात्रभर जागून, जवळजवळ सगळे ध्वनिमुद्रण झाले. त्या चित्रपटात एक प्रसंग आहे. दुर्गा ही लेक वारलेली आहे. बाप परगावाहून परततो. त्याला काहीच ठाऊक नाही. पोरीसाठी आणलेली साडी तो बायकोच्या हाती देतो. आतापर्यंत दगडासारखी बसलेली आई ती साडी तोंडाशी धरते आणि कोसळते. ती हंबरडा फोडते, हे आपल्याला दिसते. पण तिचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाईचे उंच, चिरत जाणारे सूर येतात. राग पटदीप, वाजवणारे दक्षिणामोहन ठाकूर.

ते सूर कागदावर उतरवून सभागृहात वाजवले, तर रसिक म्हणतील, ‘पटदीप छान झाला.’ एवढेच. कारण ते सूर त्या आईच्या उघड्या तोंडातून आलेले आहेत. तोंड दिसले नाही तर किंकाळी उरत नाही, राग उरतो.

त्याच चित्रपटाची मुख्य धून मात्र बाहेर पडली. चित्रपटात ती आलोक डे यांच्या बासरीवर येते. गावाची, वाटेची, दोन भावंडांच्या बाळपणाची धून. पुढे १९६२ साली रविशंकरांची एक ध्वनिमुद्रिका अमेरिकेत निघाली. तिच्यात त्यांनी ही धून पुन्हा घेतली. या वेळी बड शँक या अमेरिकन वादकाची पाश्चात्त्य बासरी जोडीला होती. आता घड्याळाचा पहारा नव्हता. धून एकदा सांगून झाली की वादक तिच्याभोवती फिरू शकत होते, तिला वाढवू शकत होते, सवालजवाब करू शकत होते. चित्रपटात जी धून दोन वाक्ये बोलून गप्प होई, ती इथे मनमोकळी बोलली. पण बांबूच्या बासरीतला तो गावाकडचा श्वास ज्यांच्या कानात बसला होता, त्यांना काही हरवल्यासारखे वाटले असेल, तर तेही चूक म्हणता येणार नाही. एकाच धुनीची ही दोन आयुष्ये आहेत. पहिले गोष्टीच्या सेवेत गेले, दुसरे स्वतःच्या पायांवर.

आता थोडे दूर जाऊ. पाश्चात्त्य देशांत हे काम पद्धतशीर, कागदावर लिहून करण्याची चाल आहे. नाटकाच्या किंवा चित्रपटाच्या संगीतातले निवडक भाग घ्यायचे, त्यांची नवी जुळणी करायची, आणि मैफलीसाठी एक माळ गुंफायची. या माळेला ते ‘स्वीट’ म्हणतात. मिठाईशी तिचा संबंध नाही. आपल्याकडे भजनाच्या कार्यक्रमाला जसा क्रम असतो, आधी रूपाचा अभंग, मग बाकीचे अभंग, गौळण, शेवटी भैरवी, तसाच काहीसा क्रम या माळेला असतो. एक भाग संथ, एक वेगाचा, एक विनोदी, एक करुण. ऐकणाराला कथा माहीत नसली तरी चालावे, पण सुरुवात, मध्य आणि शेवट जाणवावा.

रशियाचे संगीतकार सर्गेई प्रोकोफिएव्ह या कामात वाकबगार होते. ‘लेफ्टनंट किजे’ या चित्रपटाच्या संगीतातून त्यांनी १९३४ साली पाच भागांची अशी माळ तयार केली. तो चित्रपट आज फारसा कोणी पाहत नाही. ती माळ जगभर वाजते. त्यानंतर १९३८ साली आयझेनश्टाइन या दिग्दर्शकाच्या ‘अलेक्झांडर नेव्हस्की’ला त्यांनी संगीत दिले. कथा १२४२ सालची. जर्मन सरदार रशियावर चालून येतात, आणि गोठलेल्या सरोवरावर, बर्फावर, लढाई होते.

या दोघांची काम करण्याची रीत ऐकण्यासारखी आहे. संध्याकाळी प्रोकोफिएव्ह नवे चित्रीकरण पाहत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संगीत लिहून आणत. काही ठिकाणी उलटही झाले: संगीत आधी तयार झाले आणि चित्राची कापणी-जोडणी त्या बेताने केली. ध्वनिमुद्रणातही त्यांनी गंमत केली. त्या काळचा मायक्रोफोन नाजूक. फार जवळून कर्णा फुंकला तर आवाज फाटे. दुसरा कोणी असता तर त्याने हा दोष टाळला असता. यांनी तो मुद्दाम वापरला. शत्रूचे कर्णे थेट मायक्रोफोनमध्ये फुंकायला लावले. फाटलेला, कर्कश आवाज निघाला, आणि शत्रू अंगावर आल्यासारखा वाटला. तसेच एखादे हलक्या आवाजाचे वाद्य मायक्रोफोनजवळ ठेवायचे आणि मोठ्या आवाजाचे दूर. म्हणजे लहान मोठे होते आणि मोठे लहान. हे सभागृहात कधीच साधणार नाही; ते यंत्राच्या कानालाच साधते.

पुढच्या वर्षी, १७ मे १९३९ रोजी, मॉस्कोत याच संगीताचे मैफलीचे रूप सादर झाले. संचालन स्वतः प्रोकोफिएव्ह यांनी केले. यात गाणाऱ्यांचा मोठा समूह आहे, म्हणून याला ‘स्वीट’ न म्हणता ‘कँटाटा’ म्हणतात. पण जात तीच. सात भाग, सुमारे ४० मिनिटे. आता मूळ आणि नवे रूप शेजारी ठेवून पाहा.

मूळ चित्रपटात संगीत तुकड्यातुकड्यांनी येते. मध्ये संवाद आहेत, घोड्यांच्या टापा आहेत, तलवारींचा खणखणाट आहे. ध्वनिमुद्रण त्या काळचे. पातळ आणि खरखरीत. नव्या रूपात तुकडे सांधून सलग भाग केले, वाद्यांची वाटणी नव्याने लिहिली, आवाजाला भरदारपणा आणला. बर्फावरच्या लढाईचा भाग यात सर्वांत लांब आहे. पडद्यावर क्षितिजावर ठिपक्यांसारखे दिसणारे शत्रू हळूहळू मोठे होतात. ते काम डोळे करतात. सभागृहात क्षितिज नाही. तिथे आवाजालाच लांबून जवळ यावे लागते: आधी गारठलेले, दबलेले सूर, मग एकेक वाद्य मिळत जाते, आणि शेवटी सगळा वाद्यवृंद कोसळतो. लढाईनंतर एक बाई रणांगणावर पडलेल्यांमध्ये आपले माणूस शोधत गाते. सभागृहात तिथे एकटी गायिका उभी राहते, आणि सगळे स्तब्ध होते.

हरवले काय? तो फाटलेला कर्णा हरवला. यंत्राच्या कानाची ती जादू गेली. मिळाले काय? संगीताला स्वतःचा श्वास मिळाला. यात आणखी एक गोष्ट आहे. ऑगस्ट १९३९ मध्ये रशिया-जर्मनीचा करार झाला, तेव्हा जर्मनांविरुद्धचा हा चित्रपट मागे घेण्यात आला. १९४१ साली जर्मनीने हल्ला केल्यावर तो पुन्हा दाखवू लागले. चित्रपट असा राजकारणाच्या दारात अडकू शकतो. संगीताला दुसरे घर असले, की त्याचा जीव एकाच जागी अडकून राहत नाही. पुढे १९८७ साली तर चक्र उलटे फिरले. विल्यम ब्रोन या अमेरिकन संगीतज्ञाने मैफलीच्या रूपाचा आधार घेऊन संगीताची नवी मांडणी केली, आणि पडद्यावर चित्रपट व खाली प्रत्यक्ष वाद्यवृंद असा प्रयोग झाला. म्हणजे मुलगी सासरहून माहेरी आली, ती नव्या दागिन्यांसह.

आता आपल्या घरी परत येऊ. मराठीत याच्या जोडीला ठेवावे असे उदाहरण चित्रपटातले नाही, आकाशवाणीतले आहे; पण प्रश्न अगदी तोच आहे. ते उदाहरण ‘गीतरामायणा’चे.

आकाशवाणीच्या पुणे केंद्रातले सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने ही मालिका ठरली. गीते ग. दि. माडगूळकर यांची, संगीत सुधीर फडके यांचे. दोघेही चित्रपटात मुरलेले. सेकंदांचा हिशेब त्यांना कोणी शिकवायला नको होता. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, शुक्रवारी सकाळी पहिले गीत प्रसारित झाले. दर आठवड्याला एक नवे गीत. वर्षाची ५२ गीते ठरली होती, पण अधिक महिना आला आणि गीते ५६ झाली. १९ एप्रिल १९५६ रोजी मालिका पुरी झाली. गीताचे शब्द वर्तमानपत्रांतून छापून येत. गीत सुरू होण्याआधी लोक रेडिओला हार घालीत, उदबत्ती लावीत, असे त्या पिढीची माणसे आजही सांगतात.

त्या मूळ प्रसारणाचे रूप कसे होते? पहिली गोष्ट, पात्रागणिक आवाज निराळा. रामाची गीते स्वतः फडके गात. पण बाकी पात्रांसाठी माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक, सुरेश हळदणकर, बबनराव नावडीकर, ललिता फडके असे कितीतरी गायक होते. रेडिओला डोळे नसतात. कोण बोलते आहे हे आवाजावरूनच कळायला हवे. आवाज बदलला की पात्र बदलले. दुसरी गोष्ट, प्रत्येक गीत एकटे येई. आधी काय झाले हे श्रोत्याने लक्षात ठेवायचे, आणि पुढे काय होणार यासाठी आठवडाभर थांबायचे. ते थांबणे हाही त्या कलेचा भाग होता. आठवडाभर घरोघर ती चाल गुणगुणली जाई आणि अंगात मुरे.

पुढे फडके यांनी गीतरामायण रंगमंचावर नेले. आता पात्रे सगळी तीच, पण गाणारा एक. स्वतः पेटी घेऊन बसलेले फडके, साथीला मोजकी वाद्ये. राम तेच, सीता तेच, भरत तेच. हे जमावे कसे? आपल्या मातीत ते केव्हाचेच जमलेले आहे. कीर्तनकार काय करतो? एकटाच उभा राहून देवही होतो आणि भक्तही होतो. सासू होतो, सून होतो. वेष बदलत नाही, आवाज फार बदलत नाही, पण कुणाचे बोलणे चालले आहे यात आपला घोटाळा कधी होत नाही. फडक्यांच्या मैफलीने रेडिओच्या नाट्याचे कीर्तन केले, असे म्हणायला हरकत नाही. आणि पाहा, या मालिकेच्या पहिल्या गीतातच कुश आणि लव हे दोन मुलगे खुद्द रामापुढे रामायण गात आहेत. म्हणजे रामकथा मुळातच सभेत गाण्याची. ती रेडिओवर गेली, आणि तिथून सभेत परतली.

मैफलीत काय मिळाले? एका बैठकीत कथेचा ओघ मिळाला. समोर श्रोते होते. एखादी जागा भिडली तर ती पुन्हा घेता येत होती. काय गेले? वेगवेगळ्या कंठांची ती रंगपेटी गेली, आणि आठवड्याची वाट पाहणे गेले. पुढे छप्पन्नही गीतांच्या ध्वनिमुद्रिका फडके यांच्याच आवाजात निघाल्या. घरोघर त्याच पोचल्या. त्याचा परिणाम असा, की आज मोबाइलवर गीतरामायण ऐकणाऱ्या मुलांना ते मुळात अनेकांनी गायिले होते, हे ठाऊकच नसते. तेव्हा वाचकहो, इथे जपून पाऊल टाकायला हवे. नवे रूप उत्तम निघाले, की ते जुन्याला झाकून टाकते. त्यात नव्याचा दोष नाही. आठवण न ठेवणाऱ्या आपला आहे.

आठवण न ठेवली तर काय होते? ‘आलम आरा’ हा आपल्या देशातला पहिला बोलपट १९३१ साली मुंबईत झळकला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. त्यात गाणी होती एवढे आपण सांगतो. ती पडद्यावर कशी वाजली, हे कोणालाच पडताळता येत नाही. मूळ गेले की तुलनाही गेली.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हा विषय वर्गात घेण्याजोगा आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. चांगल्या चित्रपटातला दोन मिनिटांचा प्रसंग निवडा. पहिल्यांदा आवाज बंद करून मुलांना नुसता दाखवा. दुसऱ्यांदा चित्र झाकून नुसते ऐकवा. तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र. मग विचारा: संगीत कुठे गप्प झाले? डोळ्यांनी काय सांगितले आणि कानांनी काय? चित्र नसताना कोणते सूर अर्धवट वाटले, आणि कोणते पुरते? मुलांची उत्तरे ऐकून तुम्हीच चकित व्हाल.

त्यानंतरचे काम अधिक मोलाचे. स्नेहसंमेलनात हल्ली गाण्याचा तयार ट्रॅक लावायचा आणि मुलांनी त्यावर हातवारे करायचे, अशी चाल पडली आहे. एकदा तरी ट्रॅक बाजूला ठेवा. शाळेत पेटी असेल, ढोलकी असेल, लेझीम असेल, दोन टाळ असतील. नसेल तर बाक आहेच. जे आहे त्यावर ते गाणे नव्याने बसवा. पंचवीस व्हायोलिने जे करत होती ते पंचवीस मुलांच्या ‘आऽऽ’काराने होईल का? मधला तुकडा लेझमीला देता येईल का? एखादे कडवे गाळावे लागेल, एखादे दोनदा घ्यावे लागेल. हे ठरवताना मुलांना जे संगीत कळेल, ते शंभर वेळा ट्रॅक ऐकून कळणार नाही. प्रोकोफिएव्ह यांनी मोठ्या कागदांवर केले, तेच काम तुमची पाचवीची मुले करतील.

आणि हेच काम आपल्या दारात कितीतरी वर्षे चाललेले आहे, हे विसरू नका. नवा सिनेमा आला, की बँडमास्तर ते गाणे पुन्हा पुन्हा ऐकतो. गाणारीचा गळा क्लॅरिनेटला देतो, व्हायोलिनांचा थवा सॅक्सोफोनला वाटून टाकतो, तबल्याची नजाकत साइड ड्रमच्या काठ्यांवर आणतो, आणि सगळे चालीच्या पावलाला बसवतो. तो संगीतकाराच्याच पंक्तीतला माणूस आहे. फक्त त्याचे नाव कुठे छापलेले नसते. आता पुष्कळ वरातींतून बँडच्या जागी ध्वनिक्षेपकांच्या भिंती येऊ लागल्या आहेत. त्यांतून गाणे मूळचे, जसेच्या तसे, कानठळ्या बसवत येते. मूळ आले खरे. पण ते आपल्या गल्लीसाठी, आपल्या पावलांसाठी नव्याने घडवणारे हात रिकामे झाले. एकदा गेलेले हे कसब पुन्हा विकत मिळत नाही.

म्हणून एक विनंती. तुमच्या गावात एखादे जुने बँडवाले आजोबा असतील, भजनी मंडळातले बुवा असतील, तर मुलांना घेऊन त्यांच्याकडे जा. एक गाणे वाजवायला सांगा, आणि विचारा, ‘हे तुम्ही कसे बसवले? मूळ गाण्यातले काय ठेवले, काय सोडले?’ त्यांच्याजवळ सुरांची वही असेल तर तिची नक्कल करून ठेवा. मोबाइलवर त्यांचे वाजवणे आणि त्यांचे बोलणे, दोन्ही जतन करा, आणि तारीख, गाव, नाव लिहायला विसरू नका.

मग पुढच्या लग्नसराईत, वाडीपलीकडून क्लॅरिनेटचा सूर आला आणि पोराने विचारले, ‘गुरुजी, खरे गाणे कुठले?’, तर त्याला सांगा: पडद्यावरचे गाणे पडद्यासाठी खरे, आणि हे या रस्त्यासाठी खरे. दोन्ही नीट ऐक. आणि हे वाजवतो आहे त्याचे नाव विचारून घे.